साखळीचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा



माळाकडच्या रानातला चर बुजवून आम्ही दुसरा आखायला घेतलाय. येणारा-जाणारा थांबून विचारतो, "गेल्या साली एवढा जेसीबी लावून काढलास, आता परत काय?" प्रत्येकाला बांधावर उभं राहून सांगण्यापेक्षा इथंच एकदा सविस्तर लिहितो. लांबलंय जरा, पण चर, ताल किंवा शेततळं करायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा.

झालं असं. मागच्या उन्हाळ्यात मी नेटवरून जमिनीच्या उंचीचा फुकट मिळणारा उपग्रह-डेटा उतरवून घेतला. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. त्यात एक-एक मीटर उंचीच्या समपातळी रेषा काढल्या. फार सुंदर नकाशा झाला. तो फोनवर घेऊन रानात फिरलो, फक्कीच्या खुणा मारल्या आणि जेसीबी लावला. १८० मीटर लांब चर. वरच्या अंगाला करंज, हादगा, शेवगा, खालच्या अंगाला पिकं, असा सगळा आराखडा तयार होता. जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला आणि चरात पाणी थांबायच्या ऐवजी पूर्वेकडं पळालं. तिकडच्या टोकाला तुंबलं, भर फुटली आणि पाणी थेट चुलत्यांच्या रानात घुसलं. नुकती पेरलेली बाजरी गेली. सहा गुंठ्यांवरची माती खरवडून मुरूम उघडा पडला.

तात्या ओरडले नाहीत. सकाळी येऊन फुटक्या भरीवर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "नकाशा कुठनं आणलास?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून मग पावसाळाभर हाच विषय वाचत बसलो. आपल्या रानाचे नकाशे कुणी केले, कशासाठी केले, आणि त्यातला कुठला पाण्याबद्दल खरं बोलतो? जे हाती लागलं ते मांडतो.

पहिला नकाशा : साऱ्यासाठी

आपण सगळे ज्या गटाच्या, सर्व्हे नंबरच्या नकाशावरून भांडतो, त्याची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली. पेशवाई गेल्यावर पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी आणि आकारणी केली होती, पण ती फसली. सारा न झेपल्याने लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली.

मोजायला होती ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. आजही आपण रान गुंठ्यात सांगतो, म्हणजे अजून त्याच साखळीने बोलतो.

त्या मोजणीत जमिनीची प्रतबंदीही होती. मातीचा रंग, खोली आणि दोष बघायचे. चुनखड, वाळू, झऱ्याचा ओलावा, वाहत्या पाण्याने खरवडलं जाणं, असे दोष वहीत मांडले जायचे. त्या दोषांच्या यादीत एक होता उतार. रान उताराचं असेल तर प्रत खाली आणि सारा कमी.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. म्हणजे उतार सरकारी वहीत आला, पण दोष म्हणून आला. किती आहे ते आलं, कुणीकडं आहे ते नकाशावर आलं नाही. त्यात त्या लोकांची चूकही नाही, नकाशा साऱ्यासाठी होता. बांध कुठला, मालक कोण, भरणार किती, एवढंच त्याला हवं होतं. तुमच्याकडचा गाव नकाशा उघडून बघा. ओढा दिसेल, पाणंद दिसेल, हद्दीच्या रेषा दिसतील. पण पाऊस पडल्यावर पाणी कुठनं कुठं जाईल, हे त्यावरून सांगता येणार नाही.

दुसरा नकाशा : फौजेसाठी आणि विज्ञानासाठी

उंची मोजणारे लोक वेगळे होते. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन, टेकडीवरून टेकडीकडं कोन मोजत हे लोक वर्षानुवर्षं उत्तरेकडं सरकत राहिले. लॅम्बटन मेला तो आपल्या महाराष्ट्रात. २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला. कापसाच्या गाड्या घेऊन हिंगणघाटला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की भारताच्या नकाशाचा पाया घालणाऱ्या माणसाची कबर त्याच गावात आहे? पुढे काम एव्हरेस्टने नेलं. राधानाथ सिकदारांसारख्या गणितज्ञांनी हिशेब केले, त्यातूनच जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं.

समपातळी रेषेची गोष्ट आणखी मजेची आहे. १७७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये शिहॅलियन नावाच्या डोंगराच्या ओढीवरून पृथ्वीचं वजन काढायचा प्रयोग झाला. त्यासाठी डोंगराचं आकारमान हवं होतं. चार्ल्स हटन हा गणिती उंचीच्या शेकडो आकड्यांपुढं बसला होता. त्याने समान उंचीचे ठिपके रेघेने जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. आज आपण चर खणताना जी रेषा शोधतो, ती शेतीसाठी निघालेलीच नव्हती.

या सगळ्यातून आली ती सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट. नकाशा फार मोलाचा, पण १:५०,००० च्या शीटवर दोन समपातळी रेषांमध्ये सहसा २० मीटरचं अंतर असतं. आमच्या अख्ख्या रानाचा चढ-उतार सात मीटरांच्या आत आहे, म्हणजे माझ्या सात एकरांतून एकही रेषा जात नाही. डोंगर त्यात दिसतो, रान दिसत नाही. शिवाय कित्येक वर्षं हे नकाशे सामान्य माणसाला सहज मिळतही नव्हते.

रेषा रानात आली, पण हुकमाने आली

दुष्काळी पट्ट्यात समपातळी बांध घालायचं काम मुंबई इलाख्यात मोठ्या प्रमाणावर झालं. त्यासाठी १९४२ चा जमीन सुधारणा योजनांचा कायदा होता. डम्पी लेव्हल लावून रेषा आखायच्या आणि त्यावर मातीचे बांध घालायचे. शास्त्र बरोबर होतं. अडचण अशी, की समपातळी रेषा हद्द बघत नाही. ती एकाच्या रानातून शिरते आणि दुसऱ्याच्या रानातून तिरकी बाहेर पडते. एकाच्या वाट्याला तिकोनी तुकडा येतो, औत वळत नाही, आणि बांधाची जागा जाते ती वेगळीच.

म्हणून शेतकऱ्यांनी बरेच बांध हळूहळू नांगरून टाकले. केर आणि संघी या अभ्यासकांनी १९९२ मध्ये हे नीट मांडलं. अधिकाऱ्याला बांध समपातळीवर हवा असतो, शेतकऱ्याला हद्दीवर. शेतकरी अडाणी म्हणून असं होत नाही. त्याला औत आणि शेजार दोन्ही सांभाळायचं असतं, म्हणून होतं.

म्हणजे १८३५ ची साखळी आणि १९४२ ची लेव्हल यांचं भांडण आमच्या रानांत आजही चालू आहे.

ऑस्ट्रेलियातला एक माणूस

पर्माकल्चर म्हटलं की लोक बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांची नावं घेतात. टास्मानियातल्या या दोघांचं 'पर्माकल्चर वन' १९७८ मध्ये आलं. पण रानाचा आकार वाचायची विद्या त्यांच्या आधी पी. ए. योमन्स याने मांडली होती. खाणकाम आणि मातीकामाचा अनुभव असलेला हा माणूस. १९४३ मध्ये सिडनीजवळ नॉर्थ रिचमंडला त्याने हलकी, झिजलेली जमीन घेतली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४४ मध्ये, वणव्यात त्याचा मेव्हणा त्या जमिनीवर जळून मेला. त्यानंतर योमन्स एकाच प्रश्नामागं लागला : या रानात पाणी थांबवायचं कसं?

त्याचं 'द कीलाइन प्लॅन' १९५४ मध्ये आलं. त्यातली मुख्य गोष्ट आपल्या भाषेत सांगतो. डोंगरातून घळ उतरते. वर ती उभी असते, खाली सपाट होत जाते. जिथं उभा उतार मोडून सपाटी सुरू होते, ती जागा त्या घळीचं मर्म. पाणी अडवायला आणि तिथून कडेच्या माळाला न्यायला हीच जागा सोयीची. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने क्रम लावला : आधी हवामान, मग जमिनीचा आकार, मग पाणी, मग रस्ते, मग झाडं, मग घर-गोठा, मग कुंपण आणि शेवटी माती. जे बदलायला सर्वांत अवघड, ते आधी समजून घ्यायचं. आपण काय करतो? आधी कुंपण, मग बोअर, मग झाडं, आणि पाणी कुठनं येतं ते फुटल्यावर कळतं.

आपल्याकडं पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात, ते याच घरातलं. आणि ही नजर आपल्याकडं नव्हती असंही नाही. धुळ्याकडं पांझरेवर फड पद्धतीचे पाट शेकडो वर्षं चालले. उतार वाचल्याशिवाय पाट चालत नाही.

तिसरा नकाशा : वरून

आता आभाळाकडं. १९७२ म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मिलो आठवतो, खडी फोडणं आठवतं. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्याच्या चित्रातला एक ठिपका साधारण ८० मीटर बाय ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून जास्त. दुष्काळ अख्ख्या जिल्ह्याचा दिसेल, पण एखाद्याचं रान दिसणार नाही. भारताचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ ला गेला. त्यानंतर पाणलोटाचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून करायचं काम आपल्याकडं रुळत गेलं.

उंचीसाठी मोठं काम झालं फेब्रुवारी २००० मध्ये. एन्डेव्हर हे अवकाशयान ११ दिवस फिरलं. त्याला ६० मीटर लांब दांडा जोडलेला होता. एक रडार यानात, दुसरा कान दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते तसं दोन ठिकाणी पकडलेल्या लहरींवरून जमिनीची उंची काढली. पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची. आपल्यासाठी तो डेटा आधी ९० मीटरच्या चौकटीत मिळायचा, म्हणजे दोन एकरांना उंचीचा एक आकडा. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरचा खुला झाला, म्हणजे नऊ गुंठ्यांना एक आकडा.

२००५ मध्ये इस्रोचा कार्टोसॅट-१ गेला आणि त्याच वर्षी गुगल अर्थ आलं. २००९ मध्ये इस्रोचं भुवन आलं. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटरच्या ठिपक्याची चित्रं फुकट देतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि मोजणीवरची बंधनं बरीच सैल केली. लॅम्बटनने अर्धा टन लोखंड वाहून जे मिळवलं, त्याहून जास्त आता बांधावर बसून फोनवर दिसतं.

ड्रोनही आला. पण गावात ड्रोन आला तो बहुतेक ठिकाणी स्वामित्व योजनेत, गावठाणातल्या घरांची हद्द ठरवायला. म्हणजे नवं यंत्रसुद्धा आधी मालकी मोजायलाच आलं.

मग माझं चुकलं कुठं?

तीन ठिकाणी.

एक. नऊ गुंठ्यांना एक आकडा असताना मी एक मीटरच्या रेषा काढल्या. सॉफ्टवेअर नाही म्हणत नाही. दोन आकड्यांच्या मधली जागा ते अंदाजाने भरतं आणि रेषा झोकदार काढून देतं. रेषा बारीक दिसली म्हणून मोजणी बारीक झाली असं नसतं.

दोन. ते रडार दाट झाडीत मातीपर्यंत पोहोचत नाही, शेंड्यांपाशीच बरंच परत फिरतं. आमच्या पूर्वेच्या बांधावर लिंब आणि बाभळींची जुनी दाट रांग आहे. डेटात ते टोक उंच दिसलं. मला वाटलं तिकडं चढ आहे. नंतर नळीने मोजलं तर ते टोक सव्वा फूट खाली निघालं.

तीन. फोनचं जीपीएस मोकळ्या रानातसुद्धा तीन-पाच मीटर इकडं-तिकडं दाखवतं. उताराच्या रानात आडवं चार मीटर सरकलं की उंची बदललीच.

आणि चौथं, जे कुठल्याच नकाशात नव्हतं. भर जिथं फुटली ती जागा काकींनी लांबूनच ओळखली. म्हणाल्या, "तिथं ओघळ होती. मी लग्न होऊन आले त्या साली तुझ्या आज्ज्यानं दगड-माती टाकून बुजवली." म्हणजे मी पाणी नेऊन सोडलं ते नेमकं भरावाच्या जागी. पाण्याला जुनी वाट सापडली.

एका पावसाचा हिशेब सांगतो, म्हणजे हे किती गंभीर आहे ते कळेल. चराच्या वर पाच एकर माळ आहे. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे दहा लाख लिटर पाणी होतं. त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी पाच लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे शंभर टँकर. ते एका सव्वा फुटाच्या चुकीवर अवलंबून होतं.

आता कसं करतोय

उपग्रह सोडून दिला का? नाही. त्याला त्याचं काम दिलं.

वरून फक्त मोठं बघायचं : माथा कुठं, पाणी कुणाकुणाच्या रानातून येतं, आपल्या वर किती एकर आहेत, घळ कुठं मोडते. गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात. त्यात जानेवारी-फेब्रुवारीची बघा. आजूबाजूचं वाळलेलं असताना हिरवा राहिलेला पट्टा म्हणजे खाली ओल आहे. काकींची ओघळ मला अशाच एका जुन्या चित्रात नंतर दिसली. आधी नजरच गेली नव्हती.

मग घरातल्या आणि शेजारच्या जुन्या माणसांना घेऊन रानात फिरायचं आणि विचारायचं : कुठं बुजवलं, कुठं फुटायचं, कुठं वाफसा उशिरा येतो? त्या खुणा त्याच नकाशावर मांडायच्या.

आणि खणायच्या आधी रेषा जमिनीवरच काढायची. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि पाणी. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढं पथ्य. पाण्याच्या कामासाठी श्रमदान केलेल्या गावांत हायड्रोमार्कर म्हणतात ते हेच. पाच-पाच मीटरवर खुंट्या मारायच्या. जास्त रान असेल तर ड्रोनची मोजणी करून घ्या, पण पीक निघाल्यावर उघड्या रानात, आणि जमिनीवरच्या पक्क्या खुणा धरून. तरीही खुंट्या मारताना नळी लावाच.

सांडवा आधी ठरवायचा, चर नंतर. जास्तीचं पाणी कुठनं आणि कुठं जाणार याचं उत्तर नसेल तर खणूच नये.

राहिलेला प्रश्न

नळी घेऊन आम्ही दोघांनी, मी आणि चुलतभावाने, दोन्ही रानं मोजली. घळीचं मर्म, म्हणजे तळ्याची खरी जागा, निघाली ती बरोबर आमच्या हद्दीवर. निम्मी माझ्यात, निम्मी त्यांच्यात. आजोबांच्या वाटणीत बांध पडला तेव्हा तो मोजणीच्या हिशेबाने पडला. घळीला त्यात कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या हद्दीत दहा मीटर वर सरकून तळं केलं तर कुणाला विचारावं लागत नाही, पण ते निम्मंच भरेल. हद्दीवर केलं तर पाणी दोघांचं, गाळ दोघांचा, आणि पुढं पोरांची भांडणंही दोघांची. हे मी तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी स्वतःच नळीचं एक टोक धरायला आले. म्हणाले, "लिहून ठेवू. सांडवा कुणाच्या रानातून, गाळ कुणी काढायचा, सगळं लिही." ते अजून लिहितोय. तळ्याचं काम त्यावर सह्या झाल्यावरच. तोवर नवा चर पूर्ण करतोय, आणि वाहून गेलेल्या सहा गुंठ्यांवर ओढ्यातला गाळ आणून टाकायचं काम माझ्याकडं आहे. २२ ट्रॉल्या झाल्या, अजून लागतील.

तुमच्या रानात बुजवलेली ओघळ, जुना पाट किंवा फुटणारी जागा असेल तर ती सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या आणि नकाशावर मांडून ठेवा. ती माहिती कुठल्याच उपग्रहाकडं नाही.

राम राम.